जुन्या अंकांचे डिजिटायझेशन: कंपनी कशी पारखावी

नियतकालिकाचे जुने अंक स्कॅन करून घ्यायचे असतील, तर कंपन्यांकडून दर मागवण्याआधी आपल्याकडच्या अंकांची मोजदाद करा. किती अंक, एकूण किती पाने (मुखपृष्ठे, जाहिराती आणि घडीचे नकाशे धरून), बांधणी कशी, कागद ठिसूळ झालाय का. ही यादी हातात नसली की प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीचा अंदाज धरते आणि मग आलेले दर एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

कंपनीने स्वतः आणलेले नमुने बाजूला ठेवा, ते देखणेच असणार. आपण निवडलेली पन्नासेक पाने सगळ्यांना सारखीच द्या आणि ती मुद्दाम छळणारी निवडा: बारीक टायपातल्या तळटीपा, कोष्टके, सूत्रे, मागची शाई उमटलेला कागद, छापील छायाचित्रे, घट्ट बांधलेल्या खंडातली शिवणीपाशी वळणारी ओळ. परत आलेली चित्रे शंभर टक्के आकारात उघडा. साध्या मजकुराला ३०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई) चालते, बारीक अक्षराला ४०० मागा. फाईल ६०० ची म्हणून दिली आहे, पण अक्षरांच्या कडा धूसर दिसतात? मग कमी रिझोल्यूशनचे स्कॅन नुसते ताणून मोठे केले असण्याची शक्यता आहे. छायाचित्रांवर जाळीदार पट्टे दिसले तर त्याचेही कारण विचारा.

ओसीआरच्या (चित्रातली अक्षरे ओळखून शोधता येणारा मजकूर बनवण्याच्या तंत्राच्या) ‘९९ टक्के अचूकते’वर थबका. पानावर २,००० अक्षरे असतील तर ९९ टक्के म्हणजे पानाला वीस चुका. शिवाय हा आकडा अक्षरांचा की शब्दांचा, कोणत्या पानांवर मोजला? देवनागरीत जोडाक्षरे आणि रफार हमखास फसतात. मजकुरातल्या थोड्या चुका एक वेळ खपतील. लेखकाचे नाव, शीर्षक, खंड, अंक आणि पृष्ठांक यांत एकही नको, कारण शोध त्यावरच चालतो. ही माहिती दोन माणसांनी वेगवेगळी टंकून ताडून पाहावी, अशी अट घाला.

फक्त पीडीएफ देणाऱ्या कंपनीला नाही म्हणा. मूळ टिफ फायली (स्कॅनची पूर्ण तपशिलाची चित्रे) आपल्याच ताब्यात हव्यात. ए४ आकाराचे, करड्या छटांत (ग्रेस्केल) स्कॅन केलेले एक पान ३०० डीपीआयला साधारण ९ एमबी होते, म्हणजे वीस हजार पानांना १८० जीबीच्या आसपास जागा लागेल.

अंकाचा कणा (बांधणीची कड) कापून पाने सुटी केली की काम स्वस्तात आणि झटपट होते. दुसरी प्रत नसेल तर परवानगी देऊ नका.

आता करार. खरी मेख इथेच असते. ‘सगळे मोफत करून देतो’ म्हणणारा बहुधा वितरणाचे एकाधिकार मागतो, तेही बेमुदत. परवाना एकाधिकाराचा नको आणि त्याला मुदत हवी. करार संपला की टिफ, मजकूर, मेटाडेटा (लेखक, शीर्षक, खंड वगैरे माहिती) आणि चेकसमची (फाईल बदलली किंवा बिघडली का हे ओळखायच्या आकड्यांची) यादी किती दिवसांत परत मिळणार, ते लिहून घ्या. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) कंपनीच्या नव्हे, नियतकालिकाच्या नोंदणी संस्थेतल्या सदस्यत्वाखाली नोंदवा; नाहीतर कंपनी सोडताना दुवे नव्या जागी वळवायला तिच्याच मिनतवाऱ्या कराव्या लागतील. जुन्या लेखकांनी ऑनलाइन प्रकाशनाचे हक्क दिलेले नसतील तर तो प्रश्न कंपनी सोडवू शकत नाही, तुम्हालाच सोडवायचा आहे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. प्रत्येक टप्प्यात पानांची संख्या यादीशी जुळवा आणि अधूनमधून कुठलीही पाने काढून तपासा. गळालेले किंवा उलटसुलट लागलेले पान तेव्हाच सापडले तर दुरुस्ती त्यांच्या खर्चाने होते.