एकट्या न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या काढताना

प्रकल्पाला येणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांना मी सुरुवातीला एकच न्यूट्रॉन तारा (स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा) देते: आरएक्स जे१८५६.५-३७५४. दक्षिण मुकुट तारकासमूहात, सुमारे ४०० प्रकाशवर्षांवर. रोसॅट या एक्स-रे उपग्रहाच्या निरीक्षणांतून १९९६ मध्ये तो ओळखला गेला. त्याला जोडीदार तारा नाही, भोवती स्फोटाचे अवशेष नाहीत, रेडिओ स्पंदही मिळालेले नाहीत. त्यामुळे आपल्याला दिसते ती थेट पृष्ठभागाची उष्णता. रोसॅटने दिलेल्या अशा सात ताऱ्यांत हा सर्वांत तेजस्वी, म्हणून शिकायला याच्याइतका चांगला दुसरा नाही.

भारताचा खगोल-उपग्रह ॲस्ट्रोसॅट का नको, असे मुले हमखास विचारतात. त्यावरची सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) घडली, तिचा मला मनापासून अभिमान आहे. पण ती ०.३ केईव्हीपासून (फोटॉनच्या ऊर्जेचे एकक, १ केईव्ही म्हणजे १००० ईव्ही) वर पाहते आणि या ताऱ्याचे तापमान ऊर्जेत मांडले तर जेमतेम ६३ ईव्ही, म्हणजे सात लाख अंशांच्या घरात. त्याचे बहुतेक फोटॉन ०.३ च्या खालीच असतात. तेव्हा एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय एक्स-रे दुर्बिणीच्या संग्रहातला खुला डेटा उतरवून घ्या, फुकट आहे.

त्यातही तिच्यावरच्या ईपिक-पीएन कॅमेऱ्याचा, स्मॉल विंडो पद्धतीने (चिपचा लहान भागच भराभर वाचून) घेतलेला डेटा घ्या. तो ५.७ मिलिसेकंदांना एक फ्रेम वाचतो. तिथलाच एमओएस कॅमेरा पूर्ण फ्रेम वाचायला २.६ सेकंद घेतो आणि आपला तारा ७.०५५ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारतो, एवढ्यावरून काय ते समजा.

आता साफसफाई. इथे घाई करू नका, पुढचे सगळे यावर उभे आहे. आधी फक्त १० ते १२ केईव्हीमधल्या एकेरी पिक्सेलच्या घटनांचा (एकाच पिक्सेलमध्ये नोंदलेल्या फोटॉनांचा) वेळेनुसार आलेख काढा. इतक्या ऊर्जेला हा तारा काहीच देत नाही. तरीही रेषा एकदम उसळली, तर ते आरशांतून आत शिरलेले प्रोटॉन. घटनांचा दर सेकंदाला ०.४ च्या वर गेला तेवढा वेळ कापून टाका. छान दिसणारे निरीक्षण यात निम्म्यावर येऊ शकते, येऊ द्या. मग ताऱ्याच्या घटनाही फक्त एकेरी पिक्सेलच्या ठेवा.

स्पंद, म्हणजे फिरण्याबरोबर होणारा तेजाचा चढउतार, शोधण्याआधी बॅरिसेन हा प्रोग्रॅम चालवून सर्व वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर आणा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा किरणांच्या पोहोचण्याचा वेळ आठ मिनिटांपर्यंत मागेपुढे होतो. ही पायरी गाळली तर दोन निरीक्षणांतले स्पंद एकमेकांशी जुळवता येत नाहीत. स्पंदही फार पुसट आहे, सुमारे १.२ टक्के, म्हणून तो २००७ पर्यंत हाती लागला नव्हता. तो गोंगाटातून किती ठळक उठेल याचे गणित साधे आहे: स्पंदाचा अंश (०.०१२) वर्ग करा, फोटॉनच्या संख्येने गुणा, दोनाने भागा. उत्तर ३० च्या आसपास हवे असेल तर चार लाखांहून जास्त फोटॉन लागतात. तेवढे नसतील तर शोधत बसू नका.

वर्णपटात मुलांना रेषा (मूलद्रव्यांच्या खुणा) हव्या असतात. इथे त्या नाहीत. चंद्रा या नासाच्या एक्स-रे दुर्बिणीने सुमारे ५ लाख सेकंद पाहिले तरी रेषा नसलेला, कृष्णवस्तूचाच (नुसत्या उष्णतेने प्रकाशणाऱ्या आदर्श वस्तूचा) वक्र मिळाला. म्हणून वर्णपट जुळवणाऱ्या एक्सस्पेक प्रोग्रॅममध्ये टीबीएब्स (वाटेतल्या वायूचे शोषण) गुणिले बीबॉडीरॅड (कृष्णवस्तू) एवढेच मॉडेल पुरे. बीबॉडीरॅडचा नॉर्म (वक्राची उंची ठरवणारा आकडा) सव्वा-दीड लाखाच्या आसपास येईल. त्याचे वर्गमूळ काढा आणि १० किलोपार्सेकच्या (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) एककातल्या अंतराने, म्हणजे ०.०१२ ने गुणा. त्रिज्या साडेचार किलोमीटरच्या आसपास निघते.

न्यूट्रॉन ताऱ्याला हे फारच कमी. १० ते १३ किलोमीटर अपेक्षित असतात. याच तुटवड्यावरून २००२ मध्ये हा क्वार्क तारा (न्यूट्रॉनही फुटून सुट्या क्वार्क कणांचा बनलेला, आणखी लहान तारा) असावा, अशी मांडणी झाली होती. पण हबलने मोजलेला दृश्य प्रकाश तुमच्या वक्रावर ठेवून पाहा, तो कित्येक पट वर बसतो. याचा सरळ अर्थ, पृष्ठभाग सगळीकडे सारखा तापलेला नाही: एक लहान गरम भाग, बाकी मोठा थंड भाग. दुसरी, थंड कृष्णवस्तू जोडली की त्रिज्या अकरा-बारा किलोमीटरपर्यंत पोहोचते. म्हणून अहवालात नुसती त्रिज्या लिहू नका. शेजारी धरलेले अंतर लिहा, किती तापमानांचे मॉडेल वापरले ते लिहा, आणि दृश्य प्रकाश जमेस धरला की नाही तेही लिहा.