दवाखान्याची जागा बघताना पूर्ण आधार देऊ नका

कोथरूडात दवाखान्यासाठी जागा बघायला गेलं की एजंट आधी आधारची झेरॉक्स मागतो, तीही व्हॉट्सॲपवर. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक तसाही प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो. ओळख पटवायला तो पुरतो. तरी अडलंच तर:

१. माय-आधार पोर्टलवर ओटीपीने लॉगिन करून ‘मास्क्ड’ आधार डाउनलोड करा. पहिले ८ अंक झाकलेले येतात, शेवटचे ४ दिसतात.
२. प्रिंटवर आडवं लिहा: ‘फक्त जागा पाहण्यासाठी’, खाली तारीख. अक्षरं छापील मजकुरावर यायला हवीत, कोपऱ्यात लिहिलेलं कापता येतं.

फाइलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजीत नावाची पहिली ४ कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. कुणीही ओळखेल, त्यामुळे त्याच्या भरवशावर पूर्ण आधारची फाइल पाठवू नका. करार नोंदवताना पूर्ण क्रमांक लागला, तर तो तिथेच द्या.