घटपर्णीचा नवा संकर: परागापासून नावापर्यंत, नाशिकच्या हवेत

घटपर्णी म्हणजे पानाच्या टोकाला येणाऱ्या घटात कीटक पकडणारी वनस्पती. नर्सरीत टांगत्या कुंडीत मिळणारी घटपर्णी बहुतेक वेळा 'व्हेन्ट्राटा' किंवा 'मिरांडा' असते. दोन्ही संकरच आहेत. नेपेंथिस (घटपर्णीचं शास्त्रीय नाव) कुळात संकर सहसा वांझ निघत नाहीत, त्यामुळे संकराचा पुन्हा संकर करता येतो. नवं झाड घडवायला प्रयोगशाळा लागत नाही. लागतात फुलावर आलेली दोन झाडं, एक नर आणि एक मादी, आणि पुढची चार-पाच वर्षं.

आधी कायद्याचं. मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही भारताची एकमेव घटपर्णी. ती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते आणि परवान्याशिवाय तिची लागवड करता येत नाही. साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टातही ती आहे. 'जंगलातून आणलीय' असं सांगून कोणी देत असेल तर घेऊच नये. उरलेल्या सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात येतात (नेपेंथिस राजा ही जात मात्र पहिल्यात), म्हणून परदेशातून रोपं मागवताना कागदपत्रं लागतात.

झाड टिकलं तर फूल

काळी माती, शेणखत, गांडूळखत यांपैकी काहीही कुंडीत नको. या झाडाची मुळं क्षार सोसत नाहीत. निम्मं लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस आणि निम्मं परलाइट (हलके पांढरे खडे) घ्या. कोकोपीट वापरायचंच असेल तर आरओच्या पाण्यात तीनदा भिजवून पिळून घ्या, कारण त्यात मीठ असतं. पाणी टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) ५० च्या आत असावं. बोअरचं पाणी बाद. जून ते सप्टेंबर गच्चीवरचं पावसाचं पाणी झाकणाच्या पिंपात साठवा, पहिल्या एक-दोन सरींचं मात्र सोडून द्या. कुंडी पाणी साचलेल्या ताटलीत ठेवू नका, मुळं कुजतात.

पूर्वेची बाल्कनी आणि ५० टक्क्यांचं शेडनेट नाशिकला बरोबर पडतं. एप्रिल-मेमध्ये मात्र ७५ टक्क्यांचं लावा. त्या दिवसांत पानाच्या टोकाचा ताणा निघतो, टोकाला वाटाण्याएवढा घट धरतो आणि तसाच तपकिरी होऊन वाळतो. रोग समजून औषध मारू नका. हवा कोरडी असल्याचं ते लक्षण आहे, पहिल्या पावसानंतर घट आपोआप धरतात. जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरला की वाढ थांबते, तेव्हा कुंड्या घरात घ्या आणि पाणी कमी करा.

परागीकरण

नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. वेल मीटरभर वाढला की शेंड्यातून तुरा निघतो. फुलाला चार छोटी दलं असतात. मधल्या दांडीवर पिवळ्या परागाचा गोळा असेल तर झाड नर. मध्ये फुगीर हिरवा अंडाशय आणि त्यावर चपटी, ओलसर चकाकणारी कुक्षी असेल तर मादी. फुलं तुऱ्याच्या खालून वर अशी हळूहळू उमलत जातात.

द्राक्षाच्या संकरात फुलातले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात. इथे ते काम नाही, पण बाहेरचा पराग अडवावाच लागतो. मुंग्या आणि माश्या फुलातल्या मधासाठी येतात. पहिलं फूल उमलायच्या आधीच मादी तुऱ्यावर बारीक जाळीची पिशवी चढवून खाली दोऱ्याने आवळा. आसपास दुसरा नर फुललेला असताना ही पिशवी चढवायची राहून गेली, तर बियांचा बाप कोण हे सांगता येत नाही आणि पुढची सगळी मेहनत निनावी होते.

नराचं ताजं फूल तोडून थेट कुक्षीवर हलकेच घासा. सकाळची वेळ चांगली. तुरा पूर्ण उमलेपर्यंत हे रोज करा. दोन झाडं एकाच वेळी फुलणं हा योग क्वचितच येतो, म्हणून पराग साठवायला शिकाच. पिवळे गोळे कागदाच्या पुडीत घ्या, सिलिका जेलच्या डबीत एक दिवस वाळवा, मग हवाबंद कुपीत भरून नाव आणि तारीख लिहा. फ्रिजमध्ये तो काही आठवडे टिकतो, फ्रीजरमध्ये जास्त. बाहेर काढल्यावर कुपी लगेच उघडू नका. आत दव धरलं तर परागाच्या गुठळ्या होतात.

फळ धरलं तर दोन आठवड्यांत अंडाशय फुगतो, नाहीतर काळा पडून गळतो. बोंड पिकायला साधारण दोन ते चार महिने लागतात. ते चार फाकांत उकलतं आणि बी वाऱ्यावर उडतं, म्हणून पिशवी शेवटपर्यंत ठेवा.

पेरणी

बी केसासारखं बारीक असतं, मधोमध किंचित फुगीर. उजेडासमोर धरून भिंगातून पाहा. मध्ये गडद ठिपका दिसला तर आत गर्भ आहे, सलग पारदर्शक दिसलं तर ते फोल. अर्धी बोंडं फोल निघाली तरी खचू नका. बी लवकर मरतं, म्हणून बोंड उकललं की त्याच आठवड्यात पेरा.

कात्रीने बारीक केलेलं ओलं मॉस पारदर्शक डब्यात पसरा, त्यावर बी भुरभुरा आणि पाण्याचा फवारा द्या. बी मॉसखाली दाबू नका, त्याला उजेड लागतो. झाकण लावून २२ ते ३० अंशांत ठेवा, थेट उन्हात नको. मेच्या उन्हात असा डबा तासाभरात बी शिजवतो. जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. इतर वेळी घरात एलईडीखाली रोज १२ ते १४ तास ठेवा. चार ते दहा आठवड्यांत दोन हिरवी दलं दिसतात आणि त्यानंतरच्या पहिल्याच पानाला टाचणीच्या डोक्याएवढा घट असतो.

या टप्प्यावर बुरशी, शेवाळ आणि मॉसची अतिवाढ रोपं मारतात. रोज दोन मिनिटं झाकण उघडा, बुरशी धरलेलं बी चिमट्याने उचला, रोपांवर चढणारं मॉस कापा. रोपं दीड-दोन सेंटिमीटरची झाली की वेगळी करा. खत कुंडीत कधीच घालू नका. घट मोठे झाले की त्यात माशांच्या खाद्याचा एखादा कण टाका, तेवढं पुरतं.

निवड आणि नाव

एकाच बोंडातली भावंडं सारखी नसतात. एकाचा ओठ रुंद आणि पट्टेदार, दुसऱ्याचा घट फिका, तिसरं नाशिकच्या उन्हाळ्यात एकही घट धरत नाही. पहिला लाल घट दिसताच नाव देण्याची घाई होते. ती करू नका. वेल चढल्यावर वरचे घट खालच्यांपेक्षा वेगळे येतात, म्हणून दोन्ही पाहा आणि एप्रिल, ऑगस्ट, जानेवारी असे तिन्ही हंगाम पाहा. आमच्या मते इथे निवडीची खरी कसोटी रंग नव्हे. मेमध्ये घट टिकवणारं रोप ठेवा.

संकराची ओळख सूत्राने लिहितात: आधी आई, मग ×, मग बाप. जसं नेपेंथिस व्हेन्ट्रिकोसा × मॅक्सिमा. आई-बापच संकर असतील तर त्यांना कंस करा. नर-मादी उलट केल्यास तो वेगळा संकर म्हणून वेगळा नोंदवा. × नंतर लॅटिन नाव असेल, उदाहरणार्थ नेपेंथिस × मिक्स्टा, तर ते ज्या दोन जातींचा तो संकर आहे त्यांच्या सगळ्या संततीला लागू होतं.

वाणाचं नाव ही निराळी गोष्ट. द्राक्षबागायतदाराला ती लगेच कळेल: सोनाका म्हणजे थॉमसनमधून निवडलेला आणि कलमाने वाढवलेला वाण, बी पेरून तो मिळत नाही. तसंच निवडलेल्या एका रोपाला नाव द्यायचं आणि ते कलमानेच वाढवायचं. पावसाळ्यात दोन-तीन डोळ्यांची कांडी घ्या, पानं निम्मी कापा, ओल्या मॉसमध्ये लावा. मुळं धरायला दीड-दोन महिने लागतात. चार-पाच कलमांत तोच गुण उतरला तर पुढे जा.

मांसाहारी वनस्पतींच्या वाणांची जागतिक नोंदणी इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लांट सोसायटीकडे होते. तिथली यादी आधी चाळा, कारण त्याच कुळात ते नाव आधी वापरलेलं नसावं. नाव एकेरी अवतरणात आणि रोमन लिपीत जातं. ते लॅटिन नसावं, ३० रोमन अक्षरांच्या आत असावं, 'हायब्रिड' किंवा 'व्हरायटी' असे शब्द त्यात नसावेत. मराठी नाव खुशाल द्या, पण त्याचं भाषांतर करू नका. अर्जात वर्णन, जवळच्या वाणांपासूनचा फरक, नावामागचं कारण, वाढवण्याची पद्धत आणि स्पष्ट फोटो लागतो. फोटो सावलीत, पट्टी शेजारी ठेवून काढा.

पेरल्या दिवसापासून प्रत्येक कुंडीत टॅग हवा: सूत्र, परागीकरणाची तारीख, रोपाचा क्रमांक. मार्कर नाशिकच्या एका उन्हाळ्यात उडतो, प्लॅस्टिकच्या टॅगवर पेन्सिल वर्षानुवर्षं टिकते. नाव दिलेल्या झाडाची कलमं वाटताना नावाचा टॅग सोबत द्या. त्याच झाडाच्या बियांतून आलेल्या रोपांना मात्र ते नाव लावायचं नाही. त्यांच्या टॅगवर पुन्हा सूत्र, तारीख आणि नवा क्रमांक.