बेळगावात चर्चचा अर्ज नेमका कोणाकडे द्यायचा?

आधी आपली मंडळी, म्हणजे आपण जिथे उपासनेला जातो तो समुदाय, कोणत्या चर्चची, एवढं पक्कं करा. बेळगावात कागद भलतीकडे जातो तो इथेच. कॅम्पातलं सेंट मेरीज अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, परंपरेतलं. दक्षिणेतल्या अँग्लिकन मंडळ्या 27 सप्टेंबर 1947 ला चर्च ऑफ साउथ इंडियात, म्हणजे सीएसआयमध्ये, एकत्र आल्या. आपल्या भागासाठी तिचा उत्तर कर्नाटक धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतला भाग) आहे, कार्यालय धारवाडला. मेथडिस्टांचा कारभार वेगळा, कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांतही वेगळा. निपाणी ओलांडून कोल्हापुरात गेलात की 1970 ला नागपुरात स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया लागतं. तिथल्या नोंदी धारवाडला मिळणार नाहीत.

बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल तर बिशपांना पत्र लिहू नका. नोंदवही चर्चमध्ये असते, म्हणून अर्ज तिथल्या पाळकांकडे द्या. नाव, आईवडिलांची नावं, निदान अंदाजे वर्ष आणि दाखला कशासाठी हवा ते लिहा. घरात हाक मारायचं नाव आणि बाप्तिस्म्याचं नाव निराळं असेल तर दोन्ही द्या. त्याशिवाय नोंद सापडत नाही.

मंडळीचा खर्च, दुरुस्ती, तक्रार हे विषय आधी पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, मांडा. ठराव लेखी घ्या, मगच तो धर्मप्रांताच्या सेक्रेटरींकडे पाठवा. हिशेबाचा प्रश्न असेल तर ट्रेझररकडे. बिशप धर्मप्रांताचे प्रमुख खरे, पण धोरणाचे निर्णय डायोसिझन कौन्सिलमध्ये, म्हणजे धर्मप्रांताच्या सभेत, होतात आणि तिथे सामान्य सभासदांचे प्रतिनिधीही बसतात. आपला प्रतिनिधी कोण, हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे. बिशप निवडतानाही कौन्सिल काही नावं पुढे करतं आणि त्यांतून नेमणूक सिनॉडच्या, म्हणजे सगळ्या सीएसआयच्या सर्वोच्च सभेच्या, पातळीवर होते. सिनॉडचे प्रमुख मॉडरेटर. तेही बिशपांपैकीच एक.

जमिनीच्या बाबतीत मात्र फार जपून राहा. सीएसआयची मालमत्ता साधारणपणे चर्च ऑफ साउथ इंडिया ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असते. पाळकांनी किंवा कमिटीनं केलेल्या सहीवर विक्री वा दीर्घ भाडेकरार उभा राहत नाही. आधी उतारा पाहा, ट्रस्टचं मुखत्यारपत्र मागा, ते वकिलाला दाखवा, तोवर इसारही देऊ नका.

धारवाडला मराठीत अर्ज पाठवत असाल तर सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा. तुमच्या प्रतीवर पोच, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.