स्पेलिंग सुधारायला बसलात? या चुका टाळा

नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या एका मोफत टूलच्या मदतपानात 'बँडविड्थ'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला दुसरा 'डी' गळालेला दिसला आणि माझे हात शिवशिवले. सगळ्या फाइलींवर एकदम 'फाइंड अँड रिप्लेस' फिरवलं. जेसन आउटपुटमधल्या, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनं वाचायच्या माहितीतल्या, एका नावातही तीच चूक होती. तीही सुधारली गेली आणि ते आउटपुट वाचणारी माझीच स्क्रिप्ट आडवी झाली.

माणसानं वाचायचा शब्द खुशाल सुधारा, यंत्रानं वाचायचा शब्द जसाच्या तसा ठेवा. एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याची पद्धत. तिच्यातला 'रेफरर' हा हेडर, म्हणजे आपण कुठल्या पानावरून आलो ते सांगणारी ओळ, बघा. स्पेलिंगमध्ये एक 'आर' कमी आहे, १९९६च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजातही तसाच छापलाय. तो कोणी शुद्ध करत नाही, कारण जगभरचे सर्व्हर त्या अशुद्ध नावालाच ओळखतात.

दुसरी चूक सोलापूरकरांना लगेच समजेल. जॅकार्ड मागावर नक्षी ठरवणाऱ्या कार्डात एक भोक चुकलं तर विणून झालेली चादर उसवून काय उपयोग? पुढच्या चादरीतही तोच दोष येणार. तयार झालेलं एचटीएमएल पान सुधारणं म्हणजे तेच. ते ज्या मूळ फाइलीतून बनतं, ती शोधा.

स्पेलचेकरच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या टूलचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, ५२०१, जुन्या आयपर्फ२चा ५००१. स्पेलचेकरला दोन्ही गोड. आयपर्फ३च्या कमांडमध्ये लहान 'पी' म्हणजे पोर्ट, मोठा 'पी' म्हणजे एकाच वेळी किती प्रवाह सोडायचे तो आकडा. वेगाच्या एककात लहान 'बी' बिटचा, मोठा बाइटचा. तिथं अक्षर बदललं की हिशेब आठपट चुकतो. वाक्याची सुरुवात म्हणून पहिलं अक्षर मोठं करणारे उत्साही लोक इथंच घोळ घालतात.

आणि मदतपानातली कमांड जशीच्या तशी कॉपी करूनही चालत नसेल, तर आधी तिच्यातल्या आडव्या रेघा बघा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी दुपारभर केबल बदलत बसलो होतो. दोष केबलचा नव्हता; वर्ड प्रोसेसरनं कमांडमधल्या दोन छोट्या रेघांची मिळून एक लांब रेघ केली होती, एवढंच. ते पान मीच 'नीटनेटकं' केलं होतं, हे मालकांना अजून सांगितलेलं नाही.