जुना गुडघा, नवा ब्रेस आणि गुलमर्ग: या चुका टाळा

कुणाचा गुडघा खो-खोत गेलेला असतो, कुणाचा नवरात्रातल्या गरब्यात. गुलमर्गला स्कीइंगचं बुकिंग झालं की दांडिया बाजारातल्या मेडिकलमधून नी-कॅप आणायची, बॅगेत टाकायची आणि थेट बर्फात बांधायची, असं आपल्या बडोद्यात बरेच जण करतात. पहिली चूक इथेच. स्कीच्या कडक बुटात पाऊल आणि घोटा जखडलेला असतो, खाली लांब स्की. पडताना पीळ गुडघ्यावर येतो. नी-कॅप ऊब देते, गुडघ्याला धीर देते, पण पीळ अडवत नाही. लिगामेंट (गुडघ्यातली हाडं जोडणारा पट्टा) फाटलेलं किंवा ऑपरेशन करून नवं बसवलेलं असेल, तर ब्रेसबद्दल, म्हणजे दोन्ही बाजूंना बिजागरी असलेल्या कडक आधाराबद्दल, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा. आणि गुडघा मध्येच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर आधी तपासणी, तिकिटं नंतर.

माप जुन्या फाइलमधलं देऊ नका. दुखापतीनंतर मांडी बारीक होते, व्यायामाने पुन्हा भरते. बहुतेक ब्रेससाठी वाटीच्या मध्यापासून साधारण १५ सेंटीमीटर वर आणि तेवढंच खाली घेर मोजतात.

सगळ्यांची तक्रार एकच: ब्रेस खाली घसरतो. तेल चोळून वर ब्रेस चढवला तर तो घसरणारच, अगदी आजीने प्रेमाने चोळलं असलं तरी. जाड पँटवरून बांधला तरी तेच. तो कातडीवर किंवा अगदी पातळ थर्मलवर, पँटच्या आत हवा. बिजागरी गुडघ्याच्या सांध्यासमोर आली पाहिजे. ती दोन बोटं खाली उतरली की ब्रेस गुडघ्याबरोबर वाकत नाही, उलट त्याला ओढतो. पट्ट्यांवर आकडे असतील तर त्याच क्रमाने आवळा, आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा.

मात्र जास्तही आवळू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून एक नस जाते. ती दाबली गेली की पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, आणि आपण थंडीला दोष देत बसतो. मुंग्या आल्या की पट्टा सोडायचाच.

बूट भाड्याने घेताना ब्रेस बांधूनच जा. गुडघे पुढे वाकवून पाहा. बुटाची वरची कड ब्रेसवर आदळत असेल (बुटक्या माणसांचं हे ठरलेलं दुखणं) तर बुटाचे बकल सैल ठेवणं हा उपाय नव्हे. कमी उंचीचा बूट मागा.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड. ती लावणारा वजन, उंची, वय आणि स्की किती येतं हे विचारतो. खरं सांगा. ‘ब्रेस आहे, जरा टाइट करा’ म्हणालात तर पडताना स्की सुटायची ती सुटणार नाही. तशीही बाइंडिंग नडगीला जितकी वाचवते तितकी गुडघ्यातल्या लिगामेंटला वाचवत नाही.

सराव बडोद्यात कुठे करायचा? पावागड आहे की! डॉक्टरांची हरकत नसेल तर ब्रेस बांधून माचीपासून पायऱ्या चढा आणि मुख्य म्हणजे उतरा. रोपवेचा मोह सोडा. कुठे घासतं, कुठे सरकतं ते तिथेच कळेल.

आणि बर्फावर मागे पडायला लागलात, तर मध्येच उठायची धडपड करू नका. पूर्ण थांबेपर्यंत पडून राहा, मग उठा.