वाढीव पिच्चर बघायला बसताय? मग आधी या चुका टाळा

मे महिन्यात भुसावळला रात्री अकरा वाजले तरी भिंतीला हात लावता येत नाही, म्हणून आम्ही गच्चीवर दोरीला पांढरी चादर बांधून प्रोजेक्टर लावतो. मागच्या उन्हाळ्यात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या 'रिटर्न ऑफ द किंग'ची एक्सटेंडेड, म्हणजे जास्तीचे सीन घालून वाढवलेली, डिस्क लावली, दहा-बारा जण, मुरमुरे-शेव, पाण्याचा जार, सगळा थाट, आणि ऐन रंगात आलं नि स्क्रीनवर मेन्यूच आला परत. डिस्क काढली, पुसली, परत घातली, तरी तेच. "डिस्क खराब शे भो," म्हणून मंडळी खाली झोपायला गेली. सकाळी मी डब्बा नीट उघडला तर आत दुसरी डिस्क. पिच्चर थिएटरात 201 मिनिटांचा होता, वाढवलेला चार तासांच्या वर जातो, तो एका डिस्कवर मावत नाही म्हणून दोनवर दिलाय, आणि पहिली डिस्क संपते ते आपलं मध्यंतर. तेव्हापासून कोणाचं काही अडलं की मला फोन येतो, म्हणजे ज्यानं सगळ्यात मोठा गाढवपणा केला त्यालाच एक्स्पर्ट केलंय लोकांनी. तर फोनवर फोनवर जे सांगून थकलोय ते एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे नाव एक तर पिच्चर एक असं धरून चालणं. 'पुष्पा 2' डिसेंबर 2024 मध्ये आला तेव्हा साधारण 3 तास 20 मिनिटांचा होता, मग 17 जानेवारी 2025 पासून थिएटरातच 20 मिनिटं वाढवून 'रीलोडेड' म्हणून लावला, आणि महिनाअखेरीस नेटफ्लिक्सवर आला तेव्हा तो 3 तास 44 मिनिटांचा. आता माझा जळगावचा मावसभाऊ पहिल्या आठवड्यात बघून आलेला आणि मी घरी बसून बघितलेला, आणि आमचं भांडण की अमुक सीन आहे का नाही. दोघंही बरोबर होतो ना! म्हणून भांडायच्या आधी मिनिटं विचारा. ओटीटीवर नावाच्या खाली लिहिलेली असतात, डिस्कच्या मागच्या बाजूला असतात, थिएटरात सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दाखवतात त्याच्यावर पण असतात. (आणि हो, सर्टिफिकेट मिळाल्यावर नंतर सीन घुसवायचा असेल तर तोही सेन्सॉरला दाखवावा लागतो, थिएटरवाल्याच्या मनावर नसतं ते.) काही ठिकाणी वाढीव व्हर्जन वेगळ्या पोस्टरनं ठेवतात, काही ठिकाणी त्याच पेजवर कुठंतरी खाली एक्स्ट्रामध्ये दडवतात, त्यामुळे दिसला की प्ले दाबायचा असं करू नका, जरा खाली सरकून बघा.

आता याच चुकीचा मोठा भाऊ. आमचे नाना, वय 78, कित्येक वर्षं सांगायचे की 'शोले'मध्ये ठाकूर गब्बरला मारून टाकतो, खिळ्याच्या बुटांनी. आणि आम्ही सगळे हसायचो, कारण टीव्हीवर शंभर वेळा बघितलेला, शेवटी पोलीस येतात आणि गब्बरला घेऊन जातात हे शेंबड्या पोराला पण माहीत. पण नाना खोटं बोलत नव्हते! शूट झालेला शेवट तोच होता, ठाकूर मारतोच. 1975 साल, आणीबाणीचा काळ, सेन्सॉरनं म्हटलं की माजी पोलीस अधिकारी असा कायदा हातात घेताना दाखवायचा नाही, म्हणून शेवट नव्यानं शूट करून पोलीस आणले आणि तोच थिएटरात लागला. अहमदचा, म्हणजे आपल्या सचिन पिळगावकरांचा, मरतानाचा भाग पण छाटला गेला. पण जुना शेवट नंतर व्हिडिओ कॅसेटवर फिरला, आणि नानांनी तो कोणाच्या तरी लग्नाच्या निमित्तानं भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर बघितला असणार. डिसेंबर 2025 मध्ये पिच्चर 4के करून मूळ शेवटासकट थिएटरात लागला, 209 मिनिटांचा, तेव्हा नानांना घेऊन गेलो. गब्बर पडला तसं त्यांनी अंधारातच माझ्या मांडीवर चापट मारली, "आते सांग!" म्हणे. मी काय सांगणार. तर घरातलं म्हातारं माणूस आपल्याला न आठवणारा सीन सांगत असेल तर लगेच वेड्यात काढू नका, त्यानं कोणतं व्हर्जन कुठं बघितलं ते विचारा.

दुसरं एक डोक्यातलं खूळ म्हणजे जास्त लांब म्हणजे डायरेक्टरच्या मनातला खरा पिच्चर. नाही हो. रश्शात पाणी घातलं म्हणून शेवभाजी जास्त होते, चांगली होत नाही. 1978 चा 'सुपरमॅन' थिएटरात 143 मिनिटांचा होता, अमेरिकन टीव्हीवर तीन तासांच्या वर गेला, कारण निर्मात्यांना चॅनलकडून मिनिटाच्या हिशोबानं पैसे मिळत होते, मग काय, कापून ठेवलेलं सगळं आणून भरलं. 1984 च्या 'ड्यून'ची टीव्हीवाली लांब आवृत्ती डेव्हिड लिंचला इतकी नकोशी झाली की त्यानं दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नावच काढायला लावलं. आणि उलटंही असतं, 'एलियन'चा 2003 चा डायरेक्टर्स कट मूळ पिच्चरपेक्षा एखाद मिनिटानं छोटाच आहे, सीन घातले तसे काढले पण. 'बाहुबली'चे दोन भाग 2025 मध्ये जोडून एकच केला तेव्हा तर पावणेचार तासांत बसवण्यासाठी कितीतरी कापावं लागलं. त्यामुळे 'एक्सटेंडेड', 'अनकट', 'डायरेक्टर्स कट', 'फायनल कट' हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत, आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या फाईलवर 'अनकट' लिहिलेलं असेल तर त्याला काहीच अर्थ नाही, ते लिहायला कोणाला परवानगी लागते? माझं ऐकाल तर पहिल्यांदा बघताना थिएटरवालाच बघा, आवडला तर वाढीव. पहिल्याच झटक्याला चार तासवाला लावला तर बायको-पोरं उठून जातात, अनुभवाचे बोल आहेत.

आता सबटायटल. याच्यावर सगळ्यात जास्त फोन येतात म्हणून नीट सांगतो. फाईलला सबटायटल लावलं, पहिला अर्धा तास झकास, आणि मग अचानक हिरो तोंड उघडायच्या आधीच खाली डायलॉग. लोकांना वाटतं व्हीएलसीमध्ये, म्हणजे ज्या प्लेअरवर फाईल लावलीय त्यात, काहीतरी बिघाड. बिघाड नाही, ते सबटायटल थिएटरच्या व्हर्जनचं आहे आणि तुमच्याकडं पिच्चर वाढीव. समजा चाळिसाव्या मिनिटाला तीन मिनिटांचा नवा सीन घातलाय, तर तिथपर्यंत जुळणार आणि तिथून पुढं सगळं तीन मिनिटं आधी येणार. कॉम्प्युटरवर व्हीएलसीत एच बटण दाबलं की सबटायटल 50 मिलीसेकंद उशिरा येतं आणि जी दाबलं की तेवढंच लवकर, पण तीन मिनिटं भरून काढायला एच 3600 वेळा दाबावं लागेल, आणि पुढचा नवा सीन आला की परत तेच रडगाणं. आमचा चाळीसगावचा दोस्त खरंच अर्धा तास दाबत बसला होता! ते करू नका. सबटायटलची फाईल नोटपॅडमध्ये उघडा, एकदम शेवटच्या ओळीची वेळ बघा. पिच्चर 3 तास 40 चा आणि शेवटची ओळ 2 तास 50 ला, तर समजा फाईल दुसऱ्या व्हर्जनची, सोडून द्या आणि त्या व्हर्जनची शोधा.

पण उडी न मारता हळूहळू सरकत असेल, म्हणजे दहा मिनिटांनी थोडं, तासाभरानं दोन-अडीच मिनिटांचा फरक, तर भानगड वेगळी आहे. पिच्चर सेकंदाला 24 फ्रेमनी शूट होतो, आपल्याकडची जुनी टीव्हीची पाल सिस्टीम 25 ची, म्हणून टीव्ही आणि डीव्हीडीसाठी तो सरळ जरा जोरात पळवायचे. चार टक्के वेळ वाचतो. 150 मिनिटांचा पिच्चर 144 मध्ये संपतो आणि एक पण सीन कापलेला नसतो! आवाज जरासा चिरका होतो इतकंच. याच्यावरून मी एका दुकानदाराशी जाम वाद घातलाय की तुमच्या डीव्हीडीत सहा मिनिटं कापलीत म्हणून, आणि नंतर कळल्यावर दोन महिने त्या गल्लीतून गेलो नाही. हिंदी डबिंगचं पण असंच एक आहे, डबिंग बहुतेक वेळा थिएटरवाल्याचंच केलेलं असतं, त्यामुळे नवा सीन आला की माणसं अचानक इंग्रजी बोलायला लागतात. ऑडिओ ट्रॅक बदलून, टीव्ही आपटून उपयोग नाही, तो भाग डब झालेलाच नसतो. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा नि पुढं चला.

पेनड्राईव्हवर कॉपी होताना 'फाईल खूप मोठी' असं येतंय आणि पेनड्राईव्ह तर 32 जीबीचा रिकामा, हे पण विचारतात. फॅट 32 फॉरमॅटमध्ये, म्हणजे पेनड्राईव्हवर फाईली ठेवायच्या एका जुन्या पद्धतीत, 4 जीबीच्या वरची एक फाईल बसतच नाही आणि वाढीव पिच्चर सहज त्याच्या वर जातो. आधीचं सामान बाजूला काढून एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, पण त्याआधी तुमचा टीव्ही त्यातलं काय वाचतो ते बघून घ्या.

आणि ते काळे पट्टे. झॅक स्नायडरचा 'जस्टिस लीग' 2021 मध्ये आला, 242 मिनिटं, आणि मुद्दाम जवळपास चौकोनी ठेवलेला, जुन्या टीव्हीसारखा, त्यामुळे दोन्ही बाजूला काळं दिसतं. लोक रिमोट घेऊन झूम करतात, ताणतात, मग बॅटमॅन भुसावळच्या आलूवड्यासारखा चपटा दिसतो. पिक्चर साईझ ओरिजिनलला ठेवा आणि विसरून जा.

आता घरचं. वाढीव कट फक्त हॉलिवूडचा नसतो, लग्नाच्या व्हिडिओचा पण असतो, आणि तिथली चूक सुधारता येत नाही. माझ्या चुलतभावाचं लग्न अमळनेरला झालं, शूटिंगवाल्यानं दोन तासांचा व्हिडिओ दिला, त्यात ड्रोन, धूर, गाणी, नवरा-नवरीचं स्लो मोशन सगळं, पण हळदीच्या आदल्या रात्री मोठी माय अहिराणी गाणी म्हणत होती ते नाही. वर्षभरानं ती गेली. मग आम्ही शूटिंगवाल्याला फोन केला की उरलेलं सगळं दे, आम्ही लांबवाला बनवतो, तर म्हणे डिलिव्हरी झाल्यावर आम्ही डेटा उडवतो, कार्डं पुढच्या लग्नाला लागतात. त्याची पण चूक म्हणता येत नाही, आम्ही बोललोच नव्हतो. म्हणून बुकिंग करतानाच ठरवून घ्या, शूट झालेलं सगळं हार्ड डिस्कवर हवं, डिस्क आपली द्या, आणि मिळाल्यावर घरी उघडून बघा, दुसऱ्या डिस्कवर एक कॉपी ठेवा. शोलेचा जुना शेवट पन्नास वर्षांनी थिएटरात लागला तो कोणीतरी रिळं ठेवली म्हणून, नाहीतर नाना अजून खोटेच ठरले असते.

मोठ्या मायचं गाणं शेवटी मिळालं, वरण-बट्टी वाढायला आलेल्या एका पोराच्या मोबाईलमध्ये, उभं धरून काढलेलं, एक मिनिट दहा सेकंद, मागं भांड्यांचा आवाज. ते आम्ही हळदीच्या आधी जोडलं. आप्पांना टीव्हीवर दाखवलं तर म्हणाले, "ते बाजूचे काळे पट्टे काढ ना." म्हटलं आप्पा, काढले तर तिचं डोकं कापलं जाईल. मग म्हणाले राहू दे, परत लाव.